चारच्या चहाआधी

१

मास्तर कोसळले तेव्हा त्यांच्या हातातला कप फुटला नाही. सुनेने तो वरच्यावर झेलला, आणि सगळ्यांची बोटं तिच्याकडे वळली ती तिथूनच. सासरा जमिनीवर पडतोय आणि ही बया कप सांभाळतेय! कपात अर्ध्याहून जास्त चहा शिल्लक होता. पुरावा नीट जपून ठेवावा तसा.

फौजदारबाई पोचल्या तेव्हा मास्तरांवर बाइंडिंगचं पांढरं कापड टाकलेलं होतं. कारखाना म्हणजे तळमजल्यावरची लांबोडकी खोली, खळीचा आंबूस वास, भिंतीशी पुठ्ठ्यांच्या थप्प्या आणि मधोमध पुस्तकं दाबायचा लोखंडी दाब. तिथे चार माणसं काम करायची. मास्तर, त्यांची बायको, मुलगा आणि एक भागीदार. सून कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये कामाला होती. तिथली पाळी संपवून ती चार वाजता चहा घेऊन यायची.

"हिनेच घातलं काहीतरी चहात," मास्तरांची बायको म्हणाली. तिला सगळे मास्तरीणबाई म्हणत. रडणं आटपून आता तिच्या आवाजाला धार आली होती. दोन्ही हात तिने पदरासकट काखेत घट्ट दाबून धरले होते, थंडी वाजत असल्यासारखे. "तीन आठवड्यांपूर्वीपर्यंत चहा मी करायचे. हिने मागून घेतला. 'आई, चहाचं मी बघते.' मी म्हटलं, चला, सुबुद्धी सुचली. आणि तेव्हापासून ह्यांचं हे सुरू झालं. दरदरून घाम, तोंड कागदासारखं पांढरं, डोक्यात घण. आलं की चारच्या सुमारालाच यायचं."

"त्याआधी काहीच नव्हतं?"

"काळजात धडधडायचं अधूनमधून. वर्षभर असेल. पण असं जीवघेणं नव्हतं."

"डॉक्टर?"

"दवाखान्याचं नाव काढलं की ह्यांना अर्धवट राहिलेली पुस्तकं आठवायची."

मुलगा भिंतीला पाठ टेकून उभा होता. बाहीने कपाळ पुसत होता, पुन्हा पुन्हा. बायकोकडे त्याने एकदाही पाहिलं नाही. ती मात्र त्याच्याकडेच बघत होती.

"तुला काही सांगायचंय?" फौजदारबाईंनी तिला विचारलं.

"चहात साखर होती. दुसरं काही नव्हतं."

"आणखी?"

"नाही."

कप ताब्यात घेतलेला हवालदार बाईंच्या कानाशी लागला. "एवढी गप्प माणसं मी दोनच प्रकारची पाहिलीत, बाई. एक तर साफ निर्दोष, नाहीतर पोचलेली."

"आणि ओळखायची कशी?"

"ते तुम्ही बघा. मी फक्त हा चहा चाखणार नाही, एवढं सांगून ठेवतो."

सुनेला चौकीवर नेलं. दारातून बाहेर पडताना तिने वळून नवऱ्याला सांगितलं, "जेवून घे." त्याने तोंड फिरवलं.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी भागीदार एकटाच कारखान्यात बसला होता. समोर काम होतं, पण हात मांडीवर.

"मला डिंक्या म्हणतात, मॅडम. एकदा चिकटलो की सुटत नाही म्हणून. आमची ही म्हणते, मग घरी का नाही चिकटत."

"मास्तरांशी तुमचं बोलणं बंद होतं म्हणे महिनाभर."

डिंक्याचं हसू विरलं. "सांगितलं वाटतं कुणीतरी. होतं बंद. मी म्हटलं, विजेवरचा दाब आणू. मास्तर म्हणाले, 'माझं पोट आहे तोवर यंत्र कशाला?' मी म्हटलं, करा पोटावर मस्ती. तेवढंच. नंतर बोलायचं राहून गेलं."

"पोटाचा काय संबंध?"

"या, दाखवतो." तो उठून दाबाजवळ गेला. वरखाली दोन जाड पाट, मध्ये उभं मळसूत्र आणि ते फिरवायला कमरेच्या उंचीवर आडवा दांडा. "पावणेचारला दिवसभराची थप्पी ह्यात घालायची, रात्रभर दबायला. शेवटचा वेढा हाताने बसत नाही, दोन माणसं लागतात. मास्तरांना दुसरं माणूस नको असायचं. ते दांड्याला पोट लावायचे आणि सगळं अंग सोडून द्यायचे. असे." डिंक्याने दांड्यावर पोट टेकवलं, पाय उचलले आणि कण्हला. "तीस वर्षं. वेढा बसला की घामाघूम."

"घाम कधी? चहा घेतल्यावर ना?"

"नाही हो. वेढा बसला की लगेच. मग टेकायचे त्या स्टुलावर, डोकं धरून. मग यायची सूनबाई चहा घेऊन..." डिंक्या दांड्यावर तसाच लोंबकळत राहिला. "अरेच्चा. घाम आधी. चहा नंतर."

"काल?"

"कालही. चहा आला तेव्हा ते पांढरेफटक पडलेच होते. दोन घोट घेतले आणि गेले." तो खाली उतरला. "मॅडम, हे मी रोज डोळ्यांनी बघत होतो. पण वहिनी म्हणाल्या चहा, म्हणून मीही म्हटलं चहा."

"दाबाचं काम नसताना कधी झालं होतं?"

डिंक्याने डोकं खाजवलं. "एकदा. सकाळी आम्ही बाहेर निघालो होतो. बुटाची नाडी बांधायला वाकले ते तिथेच बसले. पाव तास उठेनात. आणि चहाही झाला नव्हता त्या दिवशी."

फौजदारबाईंच्या मनावरचं ओझं हललं. वाकलं की, दाबलं की. कपाचा दोष नव्हता, पोटाचा होता. त्या हवालदाराला हाक मारणार एवढ्यात फोन वाजला. शवागाराचे डॉक्टर होते.

"चहात विष नाही," ते म्हणाले. "पोटातही नाही. पण या तुम्ही. जे सापडलंय ते फोनवर सांगण्यासारखं नाही."

३

डॉक्टरांना जिवंत माणसांशी बोलायची सवय उरली नव्हती. ते बाईंच्या खांद्यावरून भिंतीकडे बघत बोलले.

"आपल्या मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी एक बारकी ग्रंथी असते. माणूस घाबरला की ती रक्तात एक रस सोडते. वाहिन्या आवळतात, काळीज दौडतं, माणूस पळायला तयार होतो. ह्यांच्या डाव्या ग्रंथीत लिंबाएवढी गाठ होती. ती तोच रस करायची. वाघ नसताना 'वाघ आला' म्हणून ओरडायची."

"पोट दाबलं तर?"

"ओला बोळा पिळल्यासारखं. सगळा रस एकदम रक्तात." पहिल्यांदाच त्यांनी बाईंकडे पाहिलं. "तुम्हाला कसं कळलं?"

"म्हणजे माणूस आजाराने गेला." बाईंनी मोठा श्वास सोडला. "पोरीला घरी सोडते मी."

"थांबा. ही गाठ घेऊन माणूस अजून काही वर्षं काढतो कधीकधी. ह्यांच्या रक्तात एक औषध सापडलं. काळजाची धडधड कमी करायची गोळी. साधी असते, हजारो लोक घेतात. पण ही गाठ असताना आधी वाहिन्या सैल करणारं औषध द्यावं लागतं, आणि तेही बरेच दिवस. ते न देता ही गोळी एकटी दिली, तर घरात आग लागलेली असताना उघडी असलेली एकुलती एक खिडकी आपणच बंद करतो. वाहिन्या आणखी आवळतात, काळजाला जोर पुरत नाही, रक्तदाब चढतच जातो. मेंदूत रक्त फुटलं. फुप्फुसं पाण्याने भरली."

"चहात होती ही गोळी?"

"चहात नव्हती. पण गोळी काय कपातूनच जाते? पाण्यासोबत जाते, जेवणातून जाते. बरेच दिवस जात असावी." डॉक्टर पुन्हा भिंतीशी बोलू लागले. "ह्यांच्या नावाची चिठ्ठी कुठल्याच दवाखान्यात नाही. मग प्रश्न एवढाच, की चिठ्ठीशिवाय ही गोळी कुणाच्या हाताशी होती."

बाईंना उत्तर माहीत होतं. कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये, काउंटरच्या आत, रोज आठ तास जी उभी असते तिच्या.

४

चौकीतल्या बाकावर सून पाय जुळवून बसली होती. रात्री कुणी दिलेलं पांघरूण तिने घडी घालून शेजारी ठेवलं होतं.

फौजदारबाईंनी औषधाचं नाव घेतलं. नुसतं नाव.

तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरसरत गेलं. भीती असती तर बाईंनी ओळखली असती, भीतीशी त्यांची पंचवीस वर्षांची ओळख होती. हे वेगळं होतं. हरवलेली वस्तू नको त्या जागी सापडावी तसं.

"तुमच्या दुकानात असते?"

"असते."

"तू दिलीस मास्तरांना?"

तिने पांघरुणाची घडी पुन्हा सरळ केली.

"हे बघ, उद्या संध्याकाळी मला कागद पुढे पाठवावा लागेल. खुनाचा. मग तो माझ्या हातात राहणार नाही. कुठलीतरी गोळी सापडली एवढं घरी सगळ्यांना कळलंय, नाव नाही. तुझा नवरा म्हणतो, तिचं तोंडही बघणार नाही."

"म्हणेलच."

"चहा का मागून घेतलास?"

"आईंचं वय झालं आता."

"त्या पन्नाशीच्या. मीही पन्नाशीची. मग मला कधी बसवणार घरी?"

पोरीच्या ओठांची एक कड हलली, हसू येता येता. मग डोळे भरून आले. "मॅडम, तुम्ही नका विचारू काही. पाठवायचा तो कागद पाठवा."

बाई बाहेर आल्या. हवालदाराने भुवया उंचावल्या. "पोचलेली?"

"स्वतःला वाचवणारा माणूस बडबडतो हो. सतरा गोष्टी रचतो. ही तोंड मिटून बसलीय." बाई जिन्याच्या कठड्याला टेकल्या. "ही दुसऱ्या कुणाला तरी पाठीशी घालतेय. आणि ते कोण, हे तिला काल माहीत नव्हतं. आज, मी औषधाचं नाव घेतल्यावर कळलं."

५

तिसऱ्या दिवशी दुपारी त्या पुन्हा कारखान्यात गेल्या. हातात फक्त एक प्रश्न होता. सुनेने चहा मागून का घेतला?

डिंक्याला विचारण्याआधी त्यांनी मास्तरीणबाईची जागा पाहिली. खिडकीशी बैठक, समोर शिलाईची चौकट. पुस्तकाचे फर्मे, म्हणजे घडी घातलेले कागद, ती एकावर एक ठेवून हाताने शिवायची. बांधून न्यायच्या पुस्तकांची रांग शेजारी होती, प्रत्येकात तारखेची चिठ्ठी. दोन महिन्यांपूर्वीचं पुस्तक बाईंनी उघडलं. मुंग्या रांगेत चालाव्यात तसे टाके. महिन्यापूर्वीचं उघडलं. तसेच. पुढचं उघडलं आणि त्या वाकल्या. टाके तिरपे, एका भोकात दोनदा सुई, एके ठिकाणी कागद फाटलेला. त्यापुढची सगळी पुस्तकं तशीच. पहिल्या वाकड्या टाक्याची तारीख होती साडेतीन आठवड्यांपूर्वीची.

"हे काय?"

डिंक्याने ओशाळून पुस्तक मिटलं. "वहिनींचा हात कापतो पूर्वीपासून. सुई धरवायची नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, तेव्हापासून ठणठणीत. हल्ली गोळी लागू पडेना वाटतं. चहाचा ट्रे सांडला ना एकदा, दहा फर्मे भिजले. मास्तर ओरडले असते, तर सूनबाई मध्ये पडली. म्हणाली, धक्का माझा लागला. दुसऱ्या दिवसापासून चहा तीच आणायला लागली."

फौजदारबाई मास्तरांच्या स्टुलावर बसल्या. कापणारे हात पहिल्या दिवशी काखेत होते. थंडी नव्हतीच. गोळी लागू पडेना, की गोळी पोटातच जाईना? दोन आजारी, पाकीट एक. स्वतःच्या वाटणीची गोळी बाईमाणूस कुणाला देते? पोराला. नवऱ्याला. बाईंच्या स्वतःच्या पर्समध्ये ह्या घटकेला बहिणीच्या पित्ताच्या गोळ्या होत्या. जेवणाचं ताट उष्टं चालत नाही त्या घरांतही गोळ्यांचं पाकीट सगळ्यांचं असतं.

त्यांनी डॉक्टरांना फोन लावला. "हात कापतो, त्यावर कुठली गोळी देतात?"

"बहुतेकदा तीच." मग डॉक्टर घाईने म्हणाले, "बरं झालं फोन केलात. एक सांगायचं राहिलं. ही गाठ पुष्कळदा वारशाने उतरते. त्यांना मूलबाळ आहे का?"

बाहीने कपाळ पुसणारा मुलगा बाईंच्या डोळ्यांसमोर आला. तेव्हा त्यांना ते दुःख वाटलं होतं.

"मुलगा कुठेय?" त्या ओरडल्याच.

"वर, घरी. कालपासून पडूनच आहे. घाम, डोकं फुटतंय म्हणतो, काळीज धडधडतंय," डिंक्या म्हणाला. "पण काळजी नको. वहिनी आहेत जवळ."

६

तीन मजले. बाईंच्या गुडघ्यांनी पहिल्याच मजल्यावर बोंब मारली, पण त्या थांबल्या नाहीत. दार लोटलं. पलंगावर मुलगा बसता झाला होता, पांढराफटक, केस भिजून कपाळाला चिकटलेले. आई जवळ उभी होती. एका हातात पाण्याचा पेला, पाणी हिंदकळून चादरीवर सांडत होतं. दुसऱ्या तळव्यावर गोळी. तो हात मुलाच्या तोंडापर्यंत गेलेला.

फौजदारबाईंनी तिचं मनगट धरलं. "कितवी?"

"अं?"

"कितवी गोळी ही? बोला!"

"दुसरी. सकाळी एक दिली. धडधडतंय हो त्याला. अगदी ह्यांच्यासारखं..."

तिने स्वतःचंच वाक्य ऐकलं. पेला हातातून सुटला. मुलगा डोकं धरून आडवा झाला होता. त्याला काही ऐकू जात नव्हतं.

"ह्यांच्यासारखं," फौजदारबाई हलकेच म्हणाल्या. "आणि त्यांनाही हीच द्यायचात."

"माझ्यातली द्यायचे. दवाखान्यात जायचे नाहीत ना. मला बरं वाटतं, तर त्यांना का नाही वाटणार? मी म्हटलं, माझा हात कापला तर टाका वाकडा जाईल. त्यांचं काही झालं तर..." तिने गोळीकडे पाहिलं. "जेवण झालं की द्यायचे. रोज. त्या दिवशी दोन दिल्या. फारच धडधडत होतं म्हणून."

हवालदार रुग्णवाहिकेसाठी खिडकीतून ओरडत होता. बाईंनी तिच्या मुठीतून गोळी काढून घेतली. ती मूठ सहज उघडली. तिच्यात बळच उरलं नव्हतं.

७

मुलगा वाचेल की नाही हे कळायला सकाळ उजाडली. वाचला, तूर्त. तपासणीत गाठ दिसली, बापाला होती तशीच, आकाराने लहान.

सुनेला बाईंनी स्वतः इस्पितळात आणलं. येताना गाडीत ती बोलली. "आईंनी पहिलं पाकीट संपायच्या पंधरा दिवस आधीच दुसरं मागितलं. चिठ्ठी जुनी होती. मी दिलं. आईंना नाही कोण म्हणणार? मला वाटलं, हरवलं असेल. तुम्ही नाव घेतलंत तेव्हा लक्षात आलं, कुठे गेलं ते."

"मग बोलायचं नाही?"

"बाबा तर गेलेच होते, मॅडम. त्याची आईही घालवायची का? मला काय माहीत, त्यालाही द्यायला लागल्यात म्हणून." बोलता बोलता तिने आपल्या हाताला चिमटा काढला होता, नखं रुतली होती. "मी गप्प बसले नसते तर काल सकाळची गोळी गेली नसती."

इस्पितळाच्या डॉक्टरीणबाई घाईत होत्या, पण स्पष्ट बोलल्या. आधी वाहिन्या सैल करायचं औषध, निदान दोन आठवडे. मग शस्त्रक्रिया. तोवर पोटाला धक्का नको आणि मनालाही नको. आत्ता त्याचा रक्तदाब दोरीवर चालतोय. कसलाही मोठा हादरा बसता कामा नये.

"शुद्धीवर आल्यापासून एकच विचारतोय," त्या म्हणाल्या. "तिने कबूल केलं का?"

बाकावर बसलेल्या मास्तरीणबाईने मान वर केली. "मी सांगते त्याला. आत्ताच सांगते."

"आत्ता नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मग नुसतं सांगा, बायकोने नाही केलं."

"तो मूर्ख नाही," फौजदारबाई म्हणाल्या. "गोळी होती हे त्याला ठाऊक आहे. बायकोने दिली नाही म्हटलं, की घरात उरतं कोण?"

शेवटी सून म्हणाली, "मग ऑपरेशन होईपर्यंत मीच असू दे."

"नाही!" सासू ओरडली. "नाही ग पोरी. मी तुला काय काय बोलले..."

"आई, आधी तो जगू दे. त्याला डबा तुम्ही द्या. मी आत येत नाही."

फौजदारबाईंनी चष्मा काढून पुसला. पुसण्यासारखं काही नव्हतं त्यावर. "कागदावर तू आजच सुटलीस. कागदावर आता ह्यांचं नाव लागेल, मास्तरीणबाई. खुनाचं नाही, निष्काळजीपणाचं. पण लागेल."

"लागू दे," मास्तरीणबाई म्हणाली. "सगळ्यात वरती लिहा."

सतरा दिवस सून रोज चारला पाळी संपवून यायची आणि बंद दाराबाहेर बसायची. आतून नवऱ्याचा आवाज यायचा. तिच्याबद्दल तो काय काय बोलायचा ते तिला ऐकू यायचं. आई त्याला "हं" म्हणायची. त्या हुंकाराने मास्तरीणबाई तेवढ्या दिवसांत दहा वर्षांनी म्हातारी झाली.

गाठ निघाली. चौथ्या दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता चालेल.

मास्तरीणबाई आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. बाहेर फौजदारबाई आणि सून. आत बराच वेळ एकच आवाज होता, बाईचा, सपाट. मग तोही थांबला. कुणी रडलं नाही. भांडं पडलं नाही. हवालदार दूर खिडकीशी उभा राहून बाहेरचं काहीच न बघता बाहेर बघत होता.

दार उघडलं. मास्तरीणबाई चौकटीला धरून उभी होती.

"तुला बोलावतोय," ती म्हणाली.

"आणि तुम्हाला?"

"मला म्हणाला, जा."

सून उठली. स्वतः बसली होती त्याच जागेवर तिने सासूला धरून बसवलं, आणि आत गेली.